तिसावं नाव

रँडल केप टाउनहून येताना पत्र छापूनच घेऊन आला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं बारीक फुलीसुद्धा मारून ठेवली होती. विमा विकणाऱ्या माणसाची सवय, दुसरं काय. त्याच्या लेखी जगातल्या सगळ्या अडचणी म्हणजे कुणीतरी अजून न केलेल्या सह्या.

"पा अजून चर्चमध्येच?" त्यानं दारातूनच वडिलांविषयी विचारलं.

"पाळकांनी दिवे घालवले की येतील," त्याची आई मर्ल म्हणाली. "त्याशिवाय तुझ्या पाचा पाय निघत नाही तिथून. हात धू आणि ओव्हनमधले बटाटे उलटव. आणि आधी जेवू दे, मग ते पत्र काढ."

"मा, मंगळवारपर्यंत कागद पोचायला हवेत."

"मंगळवार यायला अजून दोन दिवस आहेत. कोंबडी आत्ता तयार आहे."

त्याची बहीण लुसिंडा टेबलावर ताटं मांडत होती. तिच्याविषयी घरात चाललेल्या बोलण्यात तिनं भाग घेणं केव्हाच सोडलं होतं. चौदा महिन्यांपूर्वी सरकारी शाळांतल्या जागा कमी झाल्या तेव्हा कंत्राटावरचे आधी गेले, आणि कंत्राटावर ती होती. सहा वर्षं इंग्रजी शिकवून एका शुक्रवारी तिनं आपला चहाचा कप घरी आणला. तेव्हापासून ती बाहेरदेशी अर्ज करत होती. व्हिएतनाम, थायलंड, तैवान, कोरिया, वाळवंटातले दोन देश. एकशे त्रेपन्न अर्ज. एका शाळेनं मुलाखतीत तिच्या उच्चारांचं इतकं कौतुक केलं की तिनं मर्लला मिठीच मारली; मग त्यांनी फोटो मागवला आणि त्यानंतर त्या शाळेचा शब्द नाही. दुसऱ्या एकीनं सरळ विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? रॉबर्टसनच्या, ती म्हणाली. नाही, पण मूळच्या? आमच्या रॉबर्टसनमध्ये प्रत्येकाच्या रक्तात चार मुलखांची सरमिसळ, या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच धड नाही, तर ती काय देणार.

आठ वर्षांपूर्वी हे असं नव्हतं. तिची वर्गमैत्रीण युजीन तेव्हा डिग्रीचा कागद दाखवून कोरियात गेली आणि आईच्या घरामागे दोन खोल्या बांधायच्या तयारीनं परत आली. आता डर्बनची एजंट बाई म्हणायची, "डिअर, एका खुर्चीला वीस जणं उभी आहेत, आणि त्यातली दहा आधीच तिथं राहतात." तरी या एजंट बाईनंच शेवटी एक जागा आणली होती. कोरियातलं छोटं शहर, प्राथमिक शाळा, फेब्रुवारीअखेर रुजू व्हायचं. सगळे कागद झाले. एक राहिला.

दक्षिण आफ्रिकेचा पासपोर्ट असला की तिथं एक जादा कागद लागतो. सातवीपासून शाळा इंग्रजीतून झाली, असं शाळेचं पत्र. अमेरिकेच्या माणसाला कुणी विचारत नाही बाबा तू सातवीत काय करत होतास. लुसिंडा सातवीत नदीपलीकडच्या शाळेत आफ्रिकान्स तुकडीत, म्हणजे घरच्या भाषेत शिकत होती, आणि तेव्हा त्या शाळेचे मुख्याध्यापक होते गिदियन याफ्ता, तिचे वडील. आताचा मुख्याध्यापक त्यांचाच विद्यार्थी. तो म्हणाला होता, "याफ्ता मास्तरांनी आपल्या हातानं लिहून दिलं तर मी शिक्का मारतो. माझ्या डोक्यावर मी घेणार नाही."

त्यात त्याचं काही चूक नव्हतं. लुसिंडालाही ते पटलं होतं, आणि म्हणूनच तिला आजचं हे जेवण नको होतं.

गिदियन आले ते बहिणीला घेऊन. एस्मे आंटी म्हणजे त्यांच्याच शाळेत तीस वर्षं कारकून, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, दर रविवारी भावाकडे जेवायला. हातात दुधात भिजवलेल्या पुडिंगचं भांडं, डोक्यावर चर्चची टोपी. टोपी तिनं जेवण होईपर्यंत काढली नाही.

गिदियननी प्रार्थना नेहमीपेक्षा लांबवली. अन्नासाठी आभार मानले, जर्दाळूच्या पिकासाठी मानले, आजारी माणसांची नावं घेतली. 'आमेन' झाल्याबरोबर रँडलनं पत्र काढून भोपळ्याच्या भांड्याला टेकवून ठेवलं.

"पानं एकदा वाचून तर बघावं," तो वडिलांना म्हणाला.

"तू गुरुवारी फोनवर पाठवलंस तेव्हाच वाचलं. दोन चुका आहेत त्यात."

"मग पानं त्या सुधाराव्यात आणि सही करावी."

"तिसरी मोठी आहे," गिदियन म्हणाले. "ती सुधारली तर पत्रच उरत नाही. मर्ल, पिवळा भात दे."

एस्मे खुदकन हसली; भावाला ती बूताच म्हणायची. "बूता बरोबर बोलतोय. त्या शाळेतून एक खोटा दाखला बाहेर गेला नाही. सगळे मी टाइप केलेत, मला माहीत आहे."

"एस्मे आंटीला कोण विचारतंय?" रँडल म्हणाला.

"कुणी विचारत नाही म्हणून तर सांगतेय."

"पण यात नुकसान कुणाचं होतंय?" रँडलनं काटा खाली ठेवला. "लुसी इंग्रजी शिकवते. विद्यापीठात सगळं इंग्रजीतून शिकली. सहा वर्षं लोकांच्या पोरांच्या वह्या तपासल्या. आता बारा वर्षांची असताना तिनं नद्यांची नावं कुठल्या भाषेत पाठ केली याच्याशी त्या कोरियन माणसाचा काय संबंध?"

"संबंध नसेल तर विचारतात कशाला?"

"रँडी, सोड ना," लुसिंडा म्हणाली. "पाला नको ओढू यात. नाही म्हटलं म्हणजे नाही."

"वा! आणि मी दोन तास गाडी हाकत आलो तो कुणासाठी? माझ्या पोरींना मला सोडायचं नव्हतं. तरी आलो."

"तुझ्या पोरींना घेऊन यायचंस," गिदियन म्हणाले. "म्हणजे मी त्यांच्याशी बोललो असतो आणि त्यांनी मला इंग्रजीत उत्तरं दिली असती. तेवढीच करमणूक."

हा टोमणा जुना होता आणि दर वेळी लागायचा. रँडलच्या दोन्ही मुली केप टाउनच्या इंग्रजी शाळेत जात आणि आजोबांचं आफ्रिकान्स ऐकून एकमेकींकडे बघत.

मर्ल बीटचं सॅलड वाढत होती. तिच्या हातातला डाव भांड्यावरच थांबला. गेली अठरा वर्षं तिनं एक गोष्ट पोटात ठेवली होती, आणि ती काही फार मोठी आहे असं तिला वाटत नव्हतं. नवऱ्याला भाषेचं वेड आहे, एवढंच तिनं स्वतःला समजावलं होतं. बायकांचं नाही, बाटलीचं नाही, भाषेचंच आहे, तर असू दे. पण गेले चौदा महिने ती रोज सकाळी आपल्या मुलीला फोन उघडताना बघत होती. त्यावर काही नसलं की लुसिंडा फोन पालथा ठेवायची आणि उठून विनाकारण कपडे धुवायला घ्यायची. धुतलेलेच कपडे पुन्हा.

"मी फॉर्म भरला होता," मर्ल म्हणाली.

"कसला फॉर्म?" रँडलनं विचारलं.

"शाळेत इंग्रजी तुकडी पहिल्यांदा निघाली तेव्हा. लुसीचा. सही केली आणि तुझ्या पाच्या डब्याबरोबर पिशवीत घातला. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, जागा भरल्या."

"मर्ल," गिदियन म्हणाले.

"मर्ल काय? पुढच्याच आठवड्यात मला पॅकिंग शेडमधली सिल्व्हिया भेटली. तिच्या पोरीला जागा मिळाली होती. तिनं फॉर्म माझ्यानंतर चार दिवसांनी दिला होता." तिनं सॅलडचं भांडं ठेवलं. "मी तेव्हा बोलले नाही. आज तू खोटं लिहायचं नाही म्हणतोस म्हणून बोलते. मला तू खोटं सांगितलंसच की."

लुसिंडानं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी नाकारलं नाही.

"खरंय," ते म्हणाले. "मुख्याध्यापकाचीच मुलगी इंग्रजी तुकडीत गेली असती तर दुसऱ्या दिवशी सगळं गाव तिच्यामागे गेलं असतं. मळ्यावरच्या मजुरांनासुद्धा वाटायला लागलं होतं की आपण घरी बोलतो ती भाषा म्हणजे काहीतरी लाजिरवाणं. कुणीतरी थांबायला हवं होतं."

"म्हणून लुसीला थांबवलं," रँडल म्हणाला.

"हो. तिला थांबवलं."

लुसिंडाला हे ऐकून राग यायला हवा होता. तसा तो आला नाही, आणि याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. वडील वर्गात कविता म्हणायला लागले की खिडकीबाहेरून जाणारे लोक थांबायचे. हे तिनं लहानपणी पाहिलं होतं. त्या भाषेसाठी आपल्याला ठेवून घेतलं, यात तिला उगीच थोडा मानही वाटला. मान घेऊन विमानात बसता येत नाही, ती गोष्ट वेगळी.

"मी कस्टर्ड गरम करते," ती म्हणाली आणि उठली.

स्वयंपाकघरात जर्दाळूच्या मुरंब्याचं मोठं पातेलं शेगडीवर निवत होतं. तिनं कस्टर्ड मंद आचेवर ठेवलं आणि सवयीनं फोन उघडला. एजंट बाईचा निरोप होता. रविवारी, जेवायच्या वेळी. फार वाईट वाटतं डिअर, शाळेनं आयर्लंडचा एक मुलगा घेतला, तो आधीपासून त्याच शहरात होता, त्याचे कागद तयार होते. तुझं नाव यादीत वर ठेवलंय. खाली एक पिवळं फूल.

तिनं तो दोनदा वाचला. रडू आलं नाही. एकशे चोपन्नावा अर्ज कुठे करायचा याचा विचारसुद्धा तिच्या डोक्यात आला, इतकी ती या गोष्टीला सरावली होती. मग तिला बाहेरचं टेबल आठवलं. आता जाऊन सांगायला हवं. भांडू नका, पत्र नको, जागाच गेली. रँडल एजंट बाईला शिव्या देईल, मा रडेल, पा दार लोटून आपल्या खोलीत जाऊन बसतील आणि निदान हे तरी संपेल. तिनं कस्टर्डचा जग उचलला.

बाहेर एस्मे बोलत होती. एस्मे मघापासून भावाच्या चेहऱ्याकडे बघत होती. गेली कित्येक वर्षं ती या टेबलावर बसून त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करत आली होती, आणि तो दर वेळी मान खाली घालून ते ऐकून घेत आला होता. आज बायकोनं सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं तरी त्यानं भाषेचं नाव पुढे केलं आणि बहिणीचं मागे ठेवलं. हे तिला सहन होईना.

"भाषेसाठी नव्हतं ते," ती म्हणाली.

"एस्मे, गप्प बस."

"नाही बसत. मर्ल, ते भाषेसाठी नव्हतं. माझ्या आयव्हनसाठी होतं."

"अंकल आयव्हन?" रँडल म्हणाला. "त्यांचा काय संबंध?"

"तो गणित शिकवायचा, आफ्रिकान्स तुकडीला. मास्तर झाला तोच उशिरा, म्हणून ज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यात शेवटचा. इंग्रजी तुकडी निघाली आणि इकडची पोरं भराभरा तिकडे जायला लागली. कचेरीतून कळवलं, तीस मुलं राहिली तर तुकडी राहील आणि मास्तर राहील. एकही कमी झालं तर आयव्हनची बदली, लांब ब्यूफर्ट वेस्टला. त्याला तेव्हा नुकताच पहिला झटका येऊन गेला होता. मी रोज संध्याकाळी यादी टाइप करायचे. एकोणतीस. रोज एकोणतीस. शेवटच्या दिवशी मी बूताच्या ऑफिसात गेले आणि दार लावून रडले. त्यानं खणातून लुसीचा फॉर्म काढला, बराच वेळ बघितला, आणि परत खणात टाकला. म्हणाला, लिही."

तिनं टोपी सावरली.

"तिसावं नाव मीच टाइप केलं. आयव्हन त्यानंतर बारा वर्षं जगला. इथंच, आपल्या घरात, आपल्या अंगणात खुर्ची टाकून. मला पश्चात्ताप झाला असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण लुसीला बघितलं की मला तिच्याशी नीट बोलता येत नाही. तेव्हा रडून तुझ्याकडून मीच ते करवून घेतलं, बूता. आताही मीच सांगते. लिही ते पत्र."

मर्लनं एस्मेच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

मग सगळ्यांना दारात उभी असलेली लुसिंडा दिसली. हातात कस्टर्डचा जग.

आमच्यात आईबापाला तोंडावर 'तू' म्हणत नाहीत. 'तुम्ही'सुद्धा नाही. बापाला बापच म्हणायचं, पा येणार का, पानं बसावं, पाचा चहा निवतोय. म्हातारं झालेलं पोरगंसुद्धा म्हाताऱ्या बापाशी असंच बोलतं. सर्वनाम म्हणून काही वापरायचंच नाही, त्यामुळे बापावर बोट रोखून एखादी गोष्ट म्हणायची सोय आमच्या भाषेत नाही. ती सोय लुसिंडानं दुसऱ्या भाषेत शोधली.

"यू काउंटेड मी," ती म्हणाली.

मग पुढेही ती इंग्रजीतच बोलत राहिली, हळू आवाजात, एकेक शब्द सुटा. तू मला मोजलंस. भाषेसाठी ठेवलं असतंस तर मला चाललं असतं. मला ते आवडलंही असतं. मी आत्ता पाच मिनिटांपूर्वी त्यासाठी तुला माफसुद्धा केलं होतं. पण तुला एक आकडा कमी पडत होता आणि मी जवळ होते.

गिदियन चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. आपल्या लेकरानं आपल्याला असं समोर उभं राहून 'तू' म्हटलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. लागलं ते होतंच. पण मास्तराचं मन मोठं विचित्र असतं; ते ऐकत असतानाच त्यांच्या मनात आलं, काय स्वच्छ बोलते ही. एकही स्वर इकडचा तिकडे नाही. हिला कोण म्हणणार तुझं माध्यम कुठलं? आणि मग त्यांना आपलीच इतकी लाज वाटली की ते टेबलाला धरून उठले.

"रँडल, तुझं पत्र ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले. "मी माझं लिहितो."

ते आतल्या खोलीत गेले. मर्लनं डोळ्यांना पदर लावावा तसा टेबलावरचा नॅपकिन लावला. रँडल उठून बहिणीजवळ आला आणि तिच्या हातातला जग घेत पुटपुटला, "झालं, लुसी. जिंकलीस."

त्या क्षणी तिला सांगता आलं असतं. फोन एप्रनच्या खिशातच होता. तीन शब्दांचं काम, जागा गेली पा. ती शब्द जुळवून उभीही राहिली. पण आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला, खण उघडल्याचा आला, आणि तिला कळलं की आपल्याला ते थांबवायचं नाहीये. बहिणीच्या नवऱ्याच्या नोकरीसाठी ज्या माणसानं आपल्याला यादीत घातलं, तो आपल्यासाठी स्वतःचं नाव खाली घालतो का, हे तिला बघायचं होतं. कोरिया आता त्यात कुठे नव्हताच. ही हाव वाईट आहे हेही तिला कळत होतं. तरी ती खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

गिदियननी चष्मा पुसला. कागदावर आधी शाळेचं नाव लिहिलं, खाली आपलं नाव, खाली हुद्दा. मग पेन थांबलं.

"'सातवीपासून' लिहू की 'सातवीपासून सलग'?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"सलग, पा," ती म्हणाली. पुन्हा घरच्या भाषेत.

त्यांनी लिहिलं. पाच ओळींना त्यांना वीस मिनिटं लागली. सही करताना त्यांनी श्वास रोखून धरलेला तिला दिसला, आणि सही झाल्यावर त्यांनी कागदाकडे असं बघितलं, जणू कुणी दुसऱ्यानंच तो लिहिलाय.

"भाषेसाठी केलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो," ते म्हणाले. "सांगून सांगून खरंच वाटायला लागलं होतं. मघा तुझ्या माला तेच सांगितलं, तेव्हा मी खोटं बोलतोय हे मला आठवलंसुद्धा नाही. एस्मे बोलली तेव्हा आठवलं." त्यांनी पत्राची घडी घातली. "तुझा फॉर्म मी पुढे कितीतरी वर्षं खणात ठेवला होता. निवृत्त झालो तेव्हा फाडला. हे घे. सकाळी शाळेत जाऊन शिक्का मारून घे."

तिनं घेतलं. तिला जे बघायचं होतं ते तिनं बघितलं होतं, आणि त्यानं बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. बरं वाटलं नाही. म्हातारा बाप आपल्यासमोर खुर्चीत लहान होऊन बसलाय, आणि तो आपण बसवलाय, एवढंच तिला दिसत होतं.

गिदियन उठले आणि बोळातल्या फोनकडे गेले. भिंतीवर लिहिलेल्या नंबरांत बोट फिरवायला लागले.

"पा कुणाला फोन करतात?"

"रेव्हरंडना. पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. माझ्या रांगेला द्राक्षारसाचे पेले दुसऱ्या कुणाला तरी वाटायला सांगतो."

"का?"

"हे लिहून त्या हातानं लोकांच्या हातात पेला कसा द्यायचा? बावीस वर्षं देतोय मी. आता कुणी तरुण माणूस बघतील ते."

लुसिंडाच्या हातातला कागद एकदम गरम झाल्यासारखा तिला वाटला. जेवणघरातून चमचे वाजत होते, एस्मे नाक शिंकरत होती, रँडल आता फेब्रुवारीतल्या विमानाच्या तिकिटाविषयी मर्लला काही समजावून सांगत होता.

"पानं थांबावं," ती म्हणाली. "पानं फोन करू नये. जागा गेली."

"कुठली जागा?"

"कोरियातली. त्यांनी दुसरा माणूस घेतला."

गिदियननी रिसीव्हर हातातच धरला. "केव्हा कळलं?"

"कस्टर्ड गरम करताना."

त्यांनी मनात हिशोब केला. मास्तर होते, फार वेळ लागला नाही. "म्हणजे मी लिहीत होतो, आणि तू दारात उभी होतीस, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो, पा."

"'सलग' म्हणालीस तेव्हाही."

"हो." तिला आता रडू आलं, दिवसभराचं आणि चौदा महिन्यांचं. "मला बघायचं होतं पा लिहितात का. एवढंच बघायचं होतं. मी फाडून टाकते. कुणाला कळणार नाही, शाळेत नेणारच नाही मी. पानं चर्चमध्ये काही सांगायची गरज नाही. काही झालंच नाही असं समजावं."

तिनं घडी उलगडली आणि दोन्ही हातांत कागद धरला. गिदियननी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"वर उजव्या कोपऱ्यात बघ," ते म्हणाले.

तिनं पाहिलं. तिथं काही नव्हतं.

"तारीख नाहीये," ती म्हणाली.

"घातली नाही. चौदा महिने मीही बघतोय, लुसी. या लोकांचा काय भरवसा." त्यांनी तिच्या हातातल्या कागदाची घडी पुन्हा नीट घातली, कडेला कड लावून, आणि तिच्या एप्रनच्या खिशात सरकवली. "पुढची जागा येईल तेव्हा घाल."

मग त्यांनी तिच्याकडे पाठ करून नंबर फिरवला.

"रेव्हरंड? गिदियन बोलतोय. नाही, नाही, तब्येत बरी आहे."